एकदा सोपाऱ्याला जाऊन या

वाचकहो, आज रात्री जेवायला बसाल तेव्हा घरातल्या माणसांना एक साधा प्रश्न विचारून पाहा : आपल्यापैकी समुद्र कोणी पाहिला आहे?

बहुतेक घरांत सारखेच उत्तर येईल. थोरला मुलगा कामासाठी मुंबईला होता, त्याने पाहिला आहे. नातवंडांनी टीव्हीवर पाहिला आहे. पण आजीने पाहिलेला नाही, आणि सुनेनेही नाही. पंढरपूर झाले, तुळजापूर झाले, माहूर झाले, समुद्र तेवढा राहिला. 'आता काय, राहिलं ते राहिलं' असे आजी म्हणते आणि भाकरी मोडू लागते. तिच्या त्या बोलण्यावर जाऊ नका. तिला जायचे असते.

यंदा सोयाबीन घरात आले, हरभरा आणि ज्वारी पेरून झाली, आणि तुरीला अजून अवकाश आहे असे पाच-सहा दिवस सापडले, की मनावर घ्या. कुठे जायचे ते आम्ही सांगतो. मुंबईच्या उत्तरेला, पालघर जिल्ह्यातल्या वसई तालुक्यात, सोपारा नावाचे गाव आहे. आज नाळे आणि सोपारा मिळून त्याचे नालासोपारा झाले आहे. तिथे समुद्र आहे, वाळू आहे, सुरूची झाडे आहेत. आणि अडीच हजार वर्षांच्या आठवणी सांगणारा एक बौद्ध स्तूपही आहे. मुख्य म्हणजे, आपण मराठवाड्याची माणसे तिथे अगदी परकी नाही. ते कसे, ते आधी पाहू.

आपला माल ज्या वाटेने गेला

आपली गोदावरी पूर्वेला जाते. मांजरा गोदावरीला मिळते, तेरणा मांजरेला मिळते. म्हणजे लातूर-नांदेडच्या नद्यांचे पाणी शेवटी पूर्वेच्या समुद्राला जाते, पश्चिमेच्या समुद्राला त्यातला थेंबही मिळत नाही. पण आपला माल मात्र पश्चिमेला जात होता, आणि तोही दोन हजार वर्षांपूर्वी.

लातूरच्या पश्चिमेला, धाराशिव जिल्ह्यात, तेरणेच्या काठी तेर आहे. गोरोबाकाकांचे तेर म्हणून आपण ते ओळखतो. या तेरचे जुने नाव तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने आपल्या किनाऱ्यावरच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. त्या पुस्तकाला 'पेरिप्लस' म्हणतात. त्यात पैठण आहे, आणि पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर आहे. तगरहून साधे कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल गाड्यांतून भडोच बंदरापर्यंत जात असे, असे तो लिहितो. वाट फार लांबची आणि बिकट, हेही तो नोंदवतो. याच पुस्तकात किनाऱ्यावरच्या बंदरांत सोपारा आणि कल्याण यांची नावे आहेत. पैठणहून जुन्नर, जुन्नरहून नाणेघाट उतरून खाली कोकणात, अशी दुसरी वाट कल्याण-सोपाऱ्याकडे जात होती. नाणेघाटात सातवाहनांचे लेख आजही आहेत आणि जकातीचा म्हणून सांगतात तो दगडी रांजणही आहे.

तेरला रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाचे सरकारी वस्तुसंग्रहालय आहे. तेरच्या पांढरीच्या टेकाडांत सापडलेल्या वस्तूंत हस्तिदंताची एक सुबक स्त्रीमूर्ती आहे. तशाच घडणीची एक मूर्ती १९३८ साली इटलीतल्या पोंपेई शहरात सापडली. पोंपेई इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. म्हणजे आपल्याकडच्या कारागिरीच्या ओळखीची वस्तू त्याच्या आधीच समुद्रापार पोचली होती. आपला कापूस, आपले विणकर, आपले बैल. गाडीवानाने बंदरावर माल उतरवला असेल आणि समुद्राकडे पाहत तो घटकाभर उभा राहिला असेल. आपल्या आजीच्या आधी दोन हजार वर्षे, एवढेच.

म्हणून आमची सूचना अशी की निघण्यापूर्वी एखाद्या रविवारी मुलांना तेर दाखवून आणा. वाटेचे एक टोक पाहिले की दुसऱ्या टोकाची गोडी वाढते.

बुरूड राजाचा कोट

सोपाऱ्याचे जुने नाव शूर्पारक. महाभारतात ते आहे, बौद्ध ग्रंथांत आहे. तिथे पूर्ण नावाचा एक व्यापारी होता. व्यापारासाठी तो श्रावस्तीला गेला, तिथे भगवान बुद्धांचा उपदेश ऐकला आणि भिक्खू झाला. पुढे आपल्याच मुलखात परत जाऊन धम्म सांगण्याची त्याने परवानगी मागितली. तेव्हाची त्यांची बोलणी प्रसिद्ध आहेत. तिकडचे लोक फार तापट आहेत, ते तुला शिव्या देतील, मग तू काय करशील, असे बुद्धांनी विचारले. पूर्ण म्हणाला, मला वाटेल, माणसे भली आहेत, हात तरी उगारला नाही. हात उगारला तर? मग वाटेल, भली आहेत, दगड तरी मारला नाही. असे करीत करीत गोष्ट प्राणावर येते, तरी पूर्णाचा तोल ढळत नाही. मग त्याला परवानगी मिळाली. त्याने सोपाऱ्याला चंदनाचा विहार बांधला आणि खुद्द बुद्ध तिथे आले, असे बौद्ध कथा सांगतात.

कथा कथेच्या जागी. आता जमिनीतून निघालेली गोष्ट ऐका.

सोपाऱ्यात एक मोठे टेकाड होते. लोक त्याला 'बुरूड राजाचा कोट' म्हणत. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी या विद्वानाने ते खणले. आत पक्क्या विटांचा स्तूप निघाला. स्तूपाच्या मधोमध विटांची एक कोठडी होती आणि तिच्यात दगडाची गोल पेटी. दगडी पेटीत तांब्याचा करंडा. त्याच्या आत चांदीचा. त्याच्या आत दगडाचा, त्याच्या आत स्फटिकाचा, आणि सर्वांत आत सोन्याचा. सोबत सोन्याची शेकडो फुले, सातवाहन राजा यज्ञ सातकर्णी याचे चांदीचे एक नाणे, आणि तांब्याच्या करंड्याभोवती नंतरच्या काळात ठेवलेल्या बुद्धांच्या आठ लहान मूर्ती होत्या.

आणि त्या सोन्याच्या करंड्यात काय असावे? मातीच्या भांड्याचे तेरा बारीक तुकडे. खापऱ्या! बुद्धांच्या भिक्षापात्राचे हे तुकडे आहेत, या श्रद्धेने त्या लोकांनी ते जपून ठेवले होते. ज्या बंदरात सोन्या-मोत्यांचा व्यापार चाले, तिथल्या लोकांनी सर्वांत मोलाचे म्हणून ठेवले ते भिक्षा मागायचे मातीचे पात्र. हे सारे अवशेष मुंबईच्या एशियाटिक सोसायटीने सांभाळले आहेत. गोरोबाकाकांच्या मुलखातल्या माणसाला मातीच्या भांड्याची ही थोरवी निराळी समजावून सांगायला नको.

आज स्तूप सरकारच्या पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे. भोवती वस्ती दाटली आहे. जाताना मनात वेरूळ-अजिंठा ठेवून जाऊ नका. तिथे कोरीव खांब नाहीत, रंगवलेली भिंत नाही. विटांचा एक उंचवटा आहे आणि झाडांची सावली आहे. पण चपला काढून पाच मिनिटे शांत बसा. मुलांना करंड्याची गोष्ट तिथेच सांगा. घरी सांगितलेली विसरतील, तिथे सांगितलेली विसरणार नाहीत.

दोन तुटके दगड

सोपाऱ्याने आणखी एक ठेवा दिला. त्याच १८८२ साली भातेला तळ्याजवळ एक लिहिलेला दगड सापडला. तो सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा निघाला. पुढे १९५६ साली जवळच्याच भुईगावात नवव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत, वय सुमारे सव्वादोन हजार वर्षे. दोन्ही दगड मुंबईला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात नेले. दगड तुटके असले तरी गिरनारसारख्या इतर ठिकाणी तेच लेख पूर्ण असल्यामुळे मजकूर कळतो. तो आपण समजून घेऊ, कारण तो आजही आपल्या कामाचा आहे.

आठवा लेख आहे प्रवासाविषयी! अशोक सांगतो की पूर्वीचे राजे मौजेसाठी फिरायला निघत, शिकार करत. राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर मी बोधगयेला गेलो आणि तेव्हापासून माझा प्रवास बदलला. आता मी धम्मयात्रा करतो. म्हणजे काय करतो? श्रमणांना आणि ब्राह्मणांना भेटतो, त्यांना दान देतो. वृद्धांना भेटतो, त्यांना मदत करतो. आणि खेड्यापाड्यांतल्या लोकांना भेटतो, त्यांच्याशी धम्माविषयी बोलतो. या प्रवासात जो आनंद आहे तो पहिल्या प्रवासात नव्हता.

बघा, राजाने यात्रेचा अर्थ कसा सांगितला! ठिकाणे मोजायची नाहीत, माणसांना भेटायचे. आपल्याकडे सहल म्हणजे जीपगाडी करायची, दोन दिवसांत अकरा ठिकाणे उरकायची आणि फोटो काढून परत यायचे. घरी आल्यावर कुठले देऊळ कुठे होते हेही आठवत नाही. सोपाऱ्याला जाल तेव्हा अशोकाचा सल्ला ऐका.

नवव्या लेखाकडे घरातल्या कर्त्या माणसांनी जास्त लक्ष द्यावे. माणसे आजारपणात, मुला-मुलींच्या लग्नांत, मूल जन्मल्यावर, प्रवासाला निघताना नाना तऱ्हेचे विधी करतात, असे अशोक म्हणतो. करावेत, पण त्यांचे फळ थोडे. खरे मंगलकार्य कोणते? नोकरचाकरांशी नीट वागणे, वडीलधाऱ्यांचा आणि गुरूंचा मान ठेवणे, मुक्या जिवांवर दया करणे. सव्वादोन हजार वर्षांनंतरही आपल्या मांडवात काय चालते ते आपण जाणतोच. मानपान, आहेर, घोडा, वाजंत्री, पंगतींवर पंगती. दोन-तीन वर्षांचे उत्पन्न एका दिवसात उडते, वर सावकाराचा कागद होतो. त्याच घरात आजीला समुद्र दाखवायला मात्र पैसे नसतात! एका लग्नातला एक खर्च कमी केला, तर अख्खे घर सोपाऱ्याला जाऊन येईल. हे आमचे मत आहे, पण त्याला दगडावर कोरलेला आधार आहे.

वाट ठाऊक असलेली माणसे

आता जायचे कसे? गावात याची सर्वांत चांगली माहिती कोणाला असेल, सांगा बरे. बौद्धवाड्यातल्या मंडळींना. ६ डिसेंबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे महापरिनिर्वाण झाले. मुंबईला दादरच्या समुद्रकाठी चैत्यभूमी आहे. दर वर्षी ६ डिसेंबरला लाखो माणसे तिथे वंदनेला जातात, त्यांत नांदेड, लातूर, परभणी, हिंगोलीची माणसे मोठ्या संख्येने असतात. भाकरी बांधून घेऊन, लेकरे कडेवर घेऊन, वर्षानुवर्षे ती जात आहेत. खरे म्हणजे आपल्या मुलखातल्या खेड्यापाड्यांतून समुद्रापर्यंतची वाट याच लोकांनी रुळवली.

तेव्हा त्यांना विचारा. गाडी कोणती बरी, उतरायचे कुठे, रात्री मुक्काम कुठे करतात, म्हाताऱ्या माणसाला कसे न्यायचे, सगळे ते सांगतील. जमले तर त्यांच्याबरोबरच जा. एका गावात राहून एकमेकांच्या ओट्यावर न बसलेली माणसे आपल्याकडे अजून आहेत. विद्यापीठाच्या नावावरून १९७८ साली मराठवाड्यात काय झाले, कोणाची घरे जळाली, हे वडीलधाऱ्यांना आठवत असेल. १९९४ साली नामविस्तार झाला आणि ते प्रकरण कागदोपत्री संपले. मनातले संपायला एकत्र प्रवासासारखे औषध नाही. चोवीस तास एका डब्यात बसले, एकमेकांच्या दशम्या खाल्ल्या, की पुष्कळ गाठी आपोआप सुटतात.

नांदेडहून देवगिरी आणि नंदीग्राम या गाड्या रात्रभर चालून सकाळी मुंबईला पोचतात. लातूरहूनही मुंबईची रात्रीची गाडी आहे. जागा राखून ठेवा, आणि तिकीट काढताना गाडी दादरला थांबते का ते विचारून घ्या. दादरला उतरून पूल ओलांडला की पश्चिम रेल्वेची लोकल मिळते. विरारकडे जाणाऱ्या लोकलने वसई रोडच्या पुढचे स्टेशन नालासोपारा. सकाळी विरारकडून मुंबईला येणाऱ्या गाड्यांत मुंगी शिरायला जागा नसते. आपल्याला उलट दिशेने जायचे असल्यामुळे त्या वेळी बसायला मिळते. संध्याकाळी हाच प्रकार उलटा होतो. म्हणून संध्याकाळी विरारकडे जाणाऱ्या गाडीत लेकरे-म्हातारी घेऊन चढण्याचे धाडस करू नका.

नालासोपाऱ्याला पश्चिमेच्या बाजूने बाहेर पडा. स्तूपापर्यंत रिक्षा मिळते. स्तूप पाहून झाला की सोपाऱ्यातच चक्रेश्वर महादेवाचे देऊळ आणि तळे आहे. तिथल्या जुन्या मूर्तींत ब्रह्मदेवाची सुंदर मूर्ती आहे. पुढे निर्मळ हे गाव लागते. आपल्या नांदेडकरांना निर्मळ म्हटले की सीमेपलीकडचे तेलंगणातले निर्मळ आठवेल. हे दुसरे. इथे शंकराचार्यांचे मंदिर आणि तळे आहे, कार्तिक वद्य एकादशीला मोठी यात्रा भरते. त्याहून पुढे गेले की राजोडी, आणि कळंब! होय, आपल्याकडच्या कळंबच्या नावाचेच गाव. आणि तिथे समोर समुद्र.

समुद्र आणि तिथी

पहिल्यांदा समुद्र पाहणारा माणूस थोडा वेळ काहीच बोलत नाही. त्याला बोलायला लावू नका. मग तो पाण्यात बोट बुडवून जिभेला लावतो. पाणी खारट आहे हे जन्मभर ऐकलेले असते, तरी चाखून पाहिल्याशिवाय कोणी परत येत नाही.

पण आता महत्त्वाचे ऐका. आपल्याला विहिरीची, नदीची, तलावाची माहिती असते. समुद्र यांच्यासारखा नाही. तो दिवसातून दोनदा भरतो आणि दोनदा ओसरतो. उत्तम पोहणाऱ्यालाही तो फसवतो. दर वर्षी किनाऱ्यावर जी माणसे बुडतात त्यांत बाहेरगावाहून आलेली, समुद्र नवा असलेली तरुण मुले पुष्कळ असतात.

भरतीची वेळ काढायचा कोकणातला एक जुना हिशेब आहे, आणि तो तुम्हाला सहज जमेल, कारण तिथी आपल्याला ठाऊक असते. तिथीला तीनाने गुणा आणि चाराने भागा. जे उत्तर येईल तितक्या वाजता, सुमाराने, पूर्ण भरती. अष्टमी असेल तर आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा. म्हणजे सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती. एकादशी असेल तर सव्वाआठ. पौर्णिमा-अमावस्येला सव्वाअकरा. भरतीनंतर सुमारे सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. पौर्णिमा आणि अमावस्येला पाणी खूप चढते आणि खूप उतरते, त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास चढउतार कमी, त्याला भांग म्हणतात. हा हिशेब अंदाजाचा आहे, दहा-वीस मिनिटे किंवा त्याहूनही जास्त इकडेतिकडे होते. म्हणून गेल्यावर तिथल्या कोळी माणसाला विचाराच.

आणि हे नियम घरातल्या प्रत्येकाला निघण्यापूर्वीच सांगून ठेवा :

गुडघ्याच्या वर पाण्यात जायचे नाही, मग कितीही पोहता येत असो. ओहोटी लागली असेल तर पाण्यात उतरायचेच नाही, कारण तेव्हा पाणी आत ओढते. लाटेकडे पाठ करून उभे राहायचे नाही. शेवाळलेल्या खडकावर चढायचे नाही. मुलांचा हात सोडायचा नाही. अंधार पडल्यावर आणि पावसाळ्यात पाण्याजवळ जायचे नाही. दारू प्यायलेल्या माणसाला किनाऱ्यावर आणायचेच नाही. लाल निशाण लावलेले असेल किंवा जीवरक्षकाने शिट्टी वाजवली तर मुकाट्याने मागे फिरायचे.

एवढे पाळले की मग बिनधास्त वाळूत बसा. मुलांना शिंपले वेचू द्या, किल्ले करू द्या. आजीला पाय भिजेपर्यंत हाताला धरून न्या. परत निघताना कागद, पिशव्या, उष्टे वाळूत टाकू नका. आपल्या शेतात कोणी पंगत उठवून पत्रावळी टाकून गेले तर आपल्याला काय वाटेल, तेच.

तिथल्या शेतकऱ्याला भेटा

अशोकाने सांगितले आहे, गावच्या लोकांना भेटा. वसईचा किनारा हा बागायतीचा मुलूख आहे. केळीच्या बागा, पानवेली, फुले, भाजीपाला यांसाठी तो पूर्वीपासून प्रसिद्ध. तिथे वाडवळ, भंडारी, आगरी, कोळी आहेत, आणि सामवेदी ख्रिस्ती समाज आहे, ज्याच्या घरात आजही मराठीच बोली आहे. कोणी बागेत काम करताना दिसले तर राम राम करा आणि आपण कुठले ते सांगा. शेतकऱ्याला शेतकरी ओळखतो.

अर्धापूरच्या केळीवाल्यांनी तर सुकेळी मुद्दाम पाहावी. वसईला राजेळी जातीची केळी पिकवून, सोलून, उन्हात वाळवतात आणि सुकल्या केळीच्या सोपटात बांधून ठेवतात. चव अंजिरासारखी लागते आणि माल टिकतो. भाव पडला की आपल्याकडे केळीचे घड बांधावर फेकावे लागतात. सुकेळीची जात वेगळी, हवा वेगळी, त्यामुळे जसेच्या तसे आपल्याकडे जमेलच असे नाही. पण टिकवण्याची कल्पना तर घेता येईल. अर्नाळ्याच्या बाजूला कोळीवाड्यात गेलात तर बोंबील दोऱ्यांवर वाळत घातलेले दिसतील. आपल्या आठवडी बाजारात येणारे सुके बोंबील आणि सुकट इथूनच निघतात असे नाही, पण अशाच वाळवणांतून निघतात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. माशांची वीण वाढावी म्हणून कोळी स्वतःचा धंदा दोन महिने थांबवतो. रान राखण्याचीच ही रीत, फक्त पाण्यातली.

आणि विहिरींची गोष्ट विचाराच. समुद्रकाठच्या जमिनीत पावसाचे गोडे पाणी खाऱ्या पाण्याच्या वर तरंगत असते. मापाने उपसले तर गोडे मिळत राहते. बेसुमार उपसले की खालचे खारे वर येते आणि विहीर नासते. वसईतल्या विहिरींचे पाणी टँकर भरभरून बाहेर जाऊ लागले, बागांच्या जागी इमारती उभ्या राहू लागल्या, तेव्हा लोकांनी 'हरित वसई'ची चळवळ उभी केली. तिचे पुढारपण फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी केले. नाव ओळखीचे वाटले ना? जानेवारी २०२० मध्ये धाराशिवला, तेव्हाच्या उस्मानाबादेत, ९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, त्याचे अध्यक्ष हेच. २०२४ साली ते वारले. सोपाऱ्याच्या शेजारचा माणूस तेरच्या शेजारी अध्यक्ष म्हणून आला, म्हणजे ती जुनी वाट अजून बुजलेली नाही.

आपल्यालाही ही गोष्ट लागू आहे. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. आपल्या बोअरची खोली वाढत गेली आणि पाणी तेवढे खाली गेले. समुद्रकाठी उपसा जास्त झाला की खारे वर येते, आपल्याकडे उपसा जास्त झाला की कोरडे खाली लागते. दुखणे एकच.

एक दिवस जास्त असेल तर

परतताना बोरिवलीला उतरून कान्हेरीची लेणी पाहा. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरात शंभराहून अधिक लेणी आहेत. हा खरा भिक्खूंचा मठ. पावसाळ्यात फिरणे थांबवून भिक्खू एका जागी राहत, त्यासाठी लहान लहान खोल्या कोरल्या आहेत, निजायला दगडी ओटे आहेत. तिथल्या लेखांत दान देणाऱ्यांची नावे आहेत, त्यांत कल्याणचे आणि सोपाऱ्याचे व्यापारी आहेत. कोणी लेणे दिले, कोणी पाण्याचे टाके दिले. कोणी भिक्खूंच्या वस्त्रांच्या खर्चासाठी शेत दिले आहे.

शेतकऱ्याने तिथली टाकी पाहावीत. लेण्यालेण्यापाशी खडकात कोरलेले टाके, आणि डोंगरावरचे पावसाचे पाणी त्यात उतरावे म्हणून कोरलेल्या बारीक नाल्या. छतावरचे पाणी जिरवा, साठवा, असे आज आपल्याला सांगितले जाते, ते त्या लोकांनी छिन्नीने करून ठेवले आहे. सोमवारी उद्यान बंद असते, तेवढे ध्यानात ठेवा. माकडांपासून शिदोरी सांभाळा.

शेवटी

सोपाऱ्याची खाडी पुढे गाळाने भरत गेली. जहाजे येईनाशी झाली, व्यापार दुसरीकडे गेला, स्तूप टेकाड झाला आणि लोकांनी त्याला बुरूड राजाचा कोट म्हणायला सुरुवात केली. इकडे तगरचे तेर झाले. दोन्ही टोके मोडली. मलमल गेली, गाड्या गेल्या. राहिले काय? दोन तुटके दगड आणि तेरा खापऱ्या.

पण त्या दगडांवर जे लिहिले होते ते अजून करता येण्यासारखे आहे. वृद्धांना भेटा, खेड्यातल्या माणसांना भेटा, नोकरमाणसांशी नीट वागा, वडीलधाऱ्यांचा मान ठेवा. त्याला बंदर लागत नाही आणि राजा असावे लागत नाही.

तेव्हा आज जेवताना तो प्रश्न विचाराच. आजी 'राहिलं ते राहिलं' म्हणाली, तर 'आई, कोणत्या तिथीला निघायचं?' एवढेच म्हणा. पंचांग ती स्वतःच काढील.